ऑटोकॅडच्या नकाशापासून एनर्जीप्लसच्या मॉडेलपर्यंत: काम आपोआप होईल अशी साखळी कशी उभारावी

नागपुरातली एक सात मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक मजल्यावर चार टू-बीएचके, मधोमध जिना आणि लिफ्ट. हॉल, किचन, दोन बेडरूम, दोन टॉयलेट आणि पॅसेज धरला तर एका मजल्यावर २८ खोल्या होतात. या खोल्यांच्या भिंती, खिडक्या आणि छज्जे एक-एक करून ऊर्जा-सिम्युलेशनच्या (इमारतीला वर्षभरात किती ऊर्जा लागेल हे संगणकावर मोजण्याच्या) मॉडेलमध्ये उतरवायचे म्हणजे कित्येक दिवसांचं काम. ते संपत आलं की आर्किटेक्टकडून सुधारित नकाशा येतो. त्यात एका बेडरूमची भिंत सहा इंच सरकलेली असते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

हे काम पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेकडून करून घेता येतं आणि त्यासाठी लागणारी सगळी साधनं फुकट मिळतात. एनर्जीप्लस हे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं सिम्युलेशन इंजिन २००१पासून उपलब्ध आहे आणि आता मुक्त स्रोत आहे. अवघड भाग वेगळाच आहे. नकाशा चुकीचा वाचला गेला तरी एनर्जीप्लस तक्रार करत नाही. पश्चिमेची खिडकी चुकून उत्तरेच्या भिंतीवर बसली तरी तो वर्षाचे ८,७६० तास नीट मोजतो आणि एक सुबक आकडा हातात देतो. त्यामुळे माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: साखळी अशी बांधा की शंका आली की ती थांबेल आणि तुम्हाला विचारेल.

मधली फाइल

नकाशातून सरळ एनर्जीप्लसच्या आयडीएफ फाइलमध्ये, म्हणजे तो जे मॉडेल वाचतो त्या फाइलमध्ये, उडी मारू नका. मध्ये एक साधी, माणसाला वाचता येईल अशी जेसन फाइल (नाव आणि किंमत अशा जोड्यांची मजकूर फाइल) ठेवा. तिच्यात प्रत्येक खोलीची एक नोंद असेल: नाव, फ्लॅट क्रमांक, कोपऱ्यांचे निर्देशांक, कार्पेट क्षेत्रफळ, उंची, खिडक्यांची यादी, छज्ज्यांची यादी. नकाशा वाचणारा कोड फक्त ही फाइल लिहितो आणि मॉडेल बनवणारा कोड फक्त हीच फाइल वाचतो.

याचे फायदे लगेच दिसतात. चूक नकाशा वाचताना झाली की मॉडेल बनवताना, हे या फाइलकडे पाहून कळतं. एखादी खोली कोडला वाचताच आली नाही तर तिची नोंद हाताने भरून पुढे जाता येतं. शिवाय ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या इको निवास संहितेची, म्हणजे रहिवासी इमारतींच्या ऊर्जा-नियमावलीची, बरीच गणितं सिम्युलेशन न करता या फाइलवरूनच सुटतात. उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ आणि कार्पेट क्षेत्रफळ यांचं गुणोत्तर संमिश्र हवामानात, म्हणजे नागपूरसारख्या ठिकाणी, किमान १२.५ टक्के लागतं. दोन तावदानांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, बिजागरीची ९० टक्के धरतात. हे सगळं एका गुणाकार-भागाकारात येतं.

कोणता नकाशा मागायचा

आर्किटेक्टकडे एकाच इमारतीचे तीन-चार नकाशे असतात: ग्राहकाला दाखवायचा रंगीत नकाशा, साइटवरचा वर्किंग ड्रॉइंग, महापालिकेला दिलेला नकाशा. आपल्याकडे बऱ्याच महापालिकांमध्ये नकाशांची छाननी ऑटोडीसीआरसारख्या प्रणालीतून होते. त्यासाठी आर्किटेक्टला मजला, खोली, दार, खिडकी हे सगळं ठरलेल्या लेयरवर (नकाशाच्या थरावर) बंद पॉलिलाइनने (सलग जोडलेल्या रेषेने) काढून द्यावं लागतं. हीच फाइल मागून घ्या. खोल्यांच्या सीमा तिच्यात आधीच बंद असतात आणि पुढचं निम्मं डोकेदुखीचं काम वाचतं. वर्किंग ड्रॉइंगमध्ये भिंतींच्या सुट्या रेषा असतात आणि प्रत्येक दारापाशी खोलीची सीमा तुटते. फक्त एक खबरदारी घ्या: मंजुरीनंतर नकाशात काय बदललं ते विचारा. बाल्कनी काचेने बंद करून हॉलमध्ये घेतली जाणार असेल तर मंजूर नकाशावरचं मॉडेल प्रत्यक्षातल्या घराचं राहणार नाही.

फक्त कागदाचा स्कॅन असेल तर? प्रतिमेतून भिंती ओळखणारी न्यूरल नेटवर्क आहेत. त्यासाठी क्युबिकासा-५के नावाचा ५,००० नकाशांचा संच खुला आहे, पण त्यातली घरं फिनलंडमधली आहेत. आपला डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उघडी पोकळी), ड्राय बाल्कनी, देवघर त्यांना ठाऊक नाही. एक-दोन इमारतींसाठी फ्लोअरस्पेस-जेएस या ब्राउझरमधल्या साधनात स्कॅन खाली ठेवून खोल्या हाताने गिरवा. काम लवकर होतं आणि बाहेर जेसनच मिळतं.

फाइल उघडणं: एकक, मूळबिंदू, उत्तर दिशा

डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची मूळ फाइल, पायथनला सरळ वाचता येत नाही. ओडीए फाइल कन्व्हर्टरने तिचं डीएक्सएफ (इतर प्रोग्रॅमना वाचता येणारं स्वरूप) करून घ्या आणि ती ईझीडीएक्सएफ या लायब्ररीने उघडा. मग खोल्यांकडे जाण्याआधी तीन गोष्टी ठरवून टाका.

एकक. डीएक्सएफच्या हेडरमध्ये एककाचा आकडा असतो: ४ म्हणजे मिलिमीटर, ६ म्हणजे मीटर, १ म्हणजे इंच. तो बरेचदा चुकीचा किंवा शून्य असतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा दारं मोजा. सगळ्या दारांच्या ब्लॉकची (नकाशात पुन्हा पुन्हा वापरलेल्या तयार चिन्हाची) रुंदी काढून मधली किंमत घ्या. ती ९००च्या आसपास आली तर नकाशा मिलिमीटरमध्ये आहे, ०.९ आली तर मीटरमध्ये, ३६ आली तर इंचात. यांपैकी कशातच बसत नसेल तर कोडने तिथेच थांबावं.

मूळबिंदू. सर्वेक्षणावर बसवलेल्या नकाशात निर्देशांक लाखांत असतात आणि छोट्या अंतरांच्या गणितात त्यामुळे गोंधळ होतो. मजल्याचा डावा-खालचा कोपरा शून्यावर आणा, आणि सगळे मजले एकाच खुणेवरून सरकवा. त्यासाठी लिफ्टचा कोपरा उत्तम, तो सगळ्या मजल्यांवर त्याच जागी असतो.

उत्तर दिशा. कागदावर नीट मावावी म्हणून इमारत बहुतेक वेळा फिरवून काढलेली असते. उत्तरेच्या बाणाचा ब्लॉक शोधून त्याचा कोन वाचा. बाण कागदाच्या वरच्या दिशेपासून डावीकडे ३० अंश झुकला असेल तर एनर्जीप्लसच्या 'नॉर्थ अ‍ॅक्सिस'मध्ये अधिक ३० भरायचे, उजवीकडे झुकला असेल तर उणे ३०. इथे चिन्हाची गल्लत फार सहज होते. म्हणून मॉडेल चालवल्यावर भिंतींच्या दिशांचा तक्ता उघडा आणि ओळखीची एक पश्चिमेची भिंत २७० अंशांवर आली आहे का ते बघाच.

खोल्यांच्या सीमा जुळवणं

साखळीतला सगळ्यात कठीण आणि सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा टप्पा हाच. एनर्जीप्लसच्या भूमितीत भिंतीला जाडी नसते, भिंत म्हणजे एक पातळ पृष्ठभाग. नकाशात मात्र दोन खोल्यांच्या मध्ये ११५ किंवा २३० मिलिमीटरची फट असते. ती फट तशीच ठेवली तर सामाईक भिंतीच्या दोन्ही बाजू मॉडेलला बाहेरच्या भिंती वाटतात, आणि घराच्या आत, दोन बेडरूमच्या मध्ये, ऊन-वारा खेळू लागतो.

आधी सीमा स्वच्छ करा. आरसीसी कॉलम खोलीच्या कोपऱ्यात किंवा भिंतीच्या मध्ये डोकावतात, म्हणून चौकोनी खोलीच्या पॉलिलाइनला सहा-आठ कोपरे येतात. ३०० मिलिमीटरपेक्षा लहान बाजू काढून टाका आणि शेजारच्या बाजू एकमेकींना भेटेपर्यंत वाढवा. कोपऱ्यातला कॉलम असेल तर खोलीचा मूळ कोपरा परत मिळतो, भिंतीतला असेल तर सरळ रेषा मिळते. या साफसफाईत क्षेत्रफळ २ टक्क्यांहून जास्त बदललं तर ती खोली शंकेच्या यादीत टाका.

मग समोरासमोरच्या बाजूंच्या जोड्या लावा. दोन वेगळ्या खोल्यांच्या, एकमेकींना समांतर, एकमेकींकडे तोंड केलेल्या आणि २५० मिलिमीटरच्या आत असलेल्या बाजू शोधा, आणि दोन्ही बाजू मधल्या रेषेवर आणा. नुसते जवळचे निर्देशांक एकत्र करणारी पद्धत सोपी वाटते, पण ती टॉयलेटमागचा अरुंद डक्टसुद्धा गिळून टाकते. 'समोरासमोर' आणि 'वेगळ्या खोल्या' या दोन अटी म्हणूनच हव्यात. ज्या बाजूला जोडीदार सापडत नाही ती बाहेरची भिंत. तिला भिंतीच्या निम्म्या जाडीने बाहेर सरकवा.

वर्किंग ड्रॉइंगवरूनच काम करायचं असेल तर याच्याआधी एक पायरी वाढते. प्रत्येक दार-खिडकीच्या ब्लॉकच्या दोन टोकांमध्ये एक रेषा टाकून भिंतीतली फट बुजवा, आणि सगळ्या रेषा शेपली लायब्ररीच्या पॉलिगोनाइझ या फंक्शनला द्या. बंद आकार मिळतील, पण त्यात भिंतींचे लांबट तुकडेही असतील. ज्यांच्या पोटात खोलीच्या नावाचा मजकूर नाही ते बाजूला काढा.

मध्यरेषेवर आल्याने क्षेत्रफळ वाढतं, हे विसरू नका. आतून ३.० बाय ३.६ मीटरची खोली १०.८ चौरस मीटर. दोन बाजूंना २३०ची आणि दोन बाजूंना ११५ची भिंत असेल तर मध्यरेषेवर तीच खोली जवळपास ११.९७ चौरस मीटर होते, म्हणजे सुमारे ११ टक्के जास्त. दिव्यांचा भार दर चौरस मीटरप्रमाणे दिलात तर तोही तेवढाच फुगतो. उपाय सोपा आहे. मधल्या फाइलमध्ये कार्पेट क्षेत्रफळ वेगळं जपा आणि एनर्जीप्लसच्या झोनमध्ये (मॉडेलमधल्या खोलीच्या नोंदीत) क्षेत्रफळ व घनफळाच्या रकान्यांत खरे आकडे भरा. ते रकाने त्यासाठीच आहेत.

नावं

खोलीच्या आत पडणारा मजकूर वाचून तिचा वापर ठरवायचा. 'बेड', 'एम. बेड', 'मास्टर बेडरूम' हे सगळे एकाच प्रकारात नेणारा एक छोटा शब्दकोश करा. शब्दकोशात नसलेलं नाव आलं तर अंदाज बांधू नका, यादीत टाका. नावाखाली खोलीची मापं लिहिलेली असतात. ती वाचून पॉलिलाइनच्या मापांशी ताडून बघा. आर्किटेक्टने स्वतःच दिलेली ही तपासणी आहे आणि एकक किंवा सीमा चुकली असेल तर इथे हमखास पकडली जाते.

डक्ट, उघडी बाल्कनी, ड्राय बाल्कनी यांना झोन करू नका. ती बाहेरची हवा आहे. त्यांचे स्लॅब आणि कठडे मात्र सावली देणारे पृष्ठभाग म्हणून मॉडेलमध्ये यायलाच हवेत.

खिडक्या आणि छज्जे

नकाशात खिडकी म्हणजे एक ब्लॉक आणि शेजारी 'डब्ल्यू १' अशी खूण. ब्लॉकच्या मध्यबिंदूपासून सगळ्यात जवळची बाहेरची भिंत शोधा. ती ३०० मिलिमीटरच्या आत असावी आणि खिडकी तिच्या लांबीत पूर्ण मावायला हवी. रुंदी आणि उंची दार-खिडक्यांच्या तक्त्यातून घ्यायची. हा तक्ता आपोआप वाचण्याच्या मागे लागू नका. त्यात दहा-पंधरा ओळी असतात, त्या एकदा हाताने सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) भरा: खूण, रुंदी, उंची, सिलची (खिडकीच्या खालच्या कडेची) उंची, उघडण्याचा प्रकार, काचेचा प्रकार. साध्या घरात सिल ९०० मिलिमीटरवर आणि लिंटेल (वरची कड) २,१०० वर असते, टॉयलेटचा व्हेंटिलेटर बराच वर. पण गृहीत धरू नका, सेक्शनमध्ये (इमारतीच्या उभ्या छेदाच्या नकाशात) बघून घ्या. मजल्याची उंचीही तिथूनच.

छज्जा बहुतेक प्लॅनमध्ये तुटक रेषेने असतो, कधी नसतोच. नागपूरच्या पश्चिमेच्या खिडकीला ६०० मिलिमीटरचा छज्जा आहे की नाही, यावर काचेतून आत येणारं ऊन बदलतं, म्हणून ही माहिती मिळवल्याशिवाय पुढे जाणं मला पटत नाही. सीएसव्हीमध्ये छज्ज्याची खोली हा एक रकाना वाढवा, आणि रिकामा असेल तर कोडने थांबावं. शून्य हे उत्तर चालेल, रिकामं चालणार नाही.

मॉडेल उभं करणं

इथे दोन रस्ते आहेत. जिओमएप्पी ही पायथन लायब्ररी आयडीएफ फाइलवर थेट काम करते: आकार आणि उंची दिली की ठोकळा उभा करते, लागून असलेल्या भिंती कापून जुळवते. लहान कामाला पुरेशी. रहिवासी इमारतींसाठी मी लेडीबग टूल्समधली ड्रॅगनफ्लाय सुचवेन. तिची रचनाच मजला आणि खोली अशी आहे, लहान बाजू काढणं आणि शेजार जुळवणं तिच्यात तयार मिळतं, आणि एकसारख्या मजल्यांना गुणक देता येतो, म्हणजे एकच मजला काढून तो अनेक वेळा मोजता येतो. सात मजल्यांसाठी तीनच मजले पुरतात: तळातला, गुणक पाच दिलेला मधला आणि गच्चीखालचा. मधला मजला खऱ्या मध्यावर ठेवा, म्हणजे शेजारच्या इमारतींची सावली सरासरीला धरून येईल. गच्चीखालचा मजला मधल्यात मिसळण्याची चूक अजिबात नको. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तापणारी घरं तीच.

भिंतींची माहिती नकाशात नसते, ती वेगळ्या तक्त्यातून द्या. २३० मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली विटांची भिंत दर चौरस मीटर, दर केल्विन सुमारे २ वॉट उष्णता जाऊ देते. २०० मिलिमीटरची एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची भिंत ०.८च्या आसपास. इको निवास संहितेत छपराची मर्यादा १.२ आहे, आणि नुसता १५० मिलिमीटरचा स्लॅब तिच्या कितीतरी पुढे जातो. माणसं, दिवे, पंखे, एसी यांची वेळापत्रकं खोलीच्या प्रकाराला जोडा. एसीचं तापमान २४ अंश हा प्रामाणिक आरंभबिंदू आहे, कारण १ जानेवारी २०२०पासून स्टार लेबलच्या रूम एसींची मूळ सेटिंग तीच ठेवावी लागते. रात्री खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या घरांसाठी वारा आणि उंचीच्या फरकावर चालणारं साधं वायुवीजनाचं ऑब्जेक्ट वापरा. त्याला लागणारं उघडणारं क्षेत्रफळ मधल्या फाइलमध्ये आहेच.

एक सेटिंग आवर्जून बघा. आत आलेलं ऊन कोणत्या पृष्ठभागावर पडतं हे मोजणारा सूर्यप्रकाश वाटपाचा पर्याय फक्त बहिर्वक्र, म्हणजे आत वळलेला कोपरा नसलेल्या, खोल्यांसाठी आहे. एल आकाराचे हॉल आपल्याकडे सर्रास असतात, तेव्हा 'फुल एक्स्टीरियर' हाच पर्याय ठेवा.

हवामानाची फाइल ईपीडब्ल्यू स्वरूपात लागते. नागपूरची, सोनेगावच्या केंद्रावरची, इश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या संचात मिळते.

साखळीने कुठे थांबायचं

खऱ्या इमारतीआधी एक खोली स्वतः काढा: ३ बाय ४ मीटर, पश्चिमेला एक खिडकी, उत्तर सरळ वर. ती पूर्ण साखळीतून न्या. क्षेत्रफळ, घनफळ, दिशा आणि खिडकीचं माप कागदावर काढलेल्या उत्तराशी जुळायलाच हवं. ही चाचणी कोडसोबत कायम ठेवा आणि कोड बदलला की पुन्हा चालवा.

खऱ्या नकाशावर मॉडेल चालवण्याआधी एवढं तपासा:

१. खोल्यांच्या कार्पेट क्षेत्रफळाची फ्लॅटनिहाय बेरीज मंजूर नकाशावरच्या एरिया स्टेटमेंटशी १ टक्क्याच्या आत जुळते.

२. प्रत्येक आतल्या भिंतीला नेमका एक जोडीदार आहे, आणि बाहेरच्या भिंतींच्या लांबीची बेरीज मजल्याच्या परिघाएवढी आहे.

३. दिशेनुसार खिडक्यांची संख्या. हे डोळ्यांनी मोजा, दोन मिनिटं लागतात.

४. प्रत्येक बेडरूमला आणि हॉलला निदान एक खिडकी आहे.

५. शंकेच्या यादीत एकही खोली उत्तर न देता राहिलेली नाही.

मॉडेल चालल्यावर आधी निकाल उघडू नका, एरर फाइल उघडा. 'सिव्हिअर', म्हणजे गंभीर चुका, शून्य असणं ही किमान अट. इशाऱ्यांमध्ये झोन पूर्ण बंद नसल्याचा किंवा खिडकी भिंतीबाहेर गेल्याचा इशारा दिसला तर भूमितीकडे परत जा. मग दोन उलटे प्रयोग करा. सगळे छज्जे काढून टाका: थंडाव्याचा भार (खोल्या थंड ठेवण्यासाठी बाहेर काढावी लागणारी उष्णता) वाढायलाच हवा, नाही वाढला तर छज्जे मॉडेलमध्ये कधी आलेच नव्हते. इमारत ९० अंशांनी फिरवा: भार बदलायला हवा. चारही बाजूंना सारख्या खिडक्या नसताना तो तसाच राहिला तर उत्तर दिशेचा आकडा कुठेतरी हरवला आहे.

सुधारित नकाशा आला की

साखळीचा खरा उपयोग इथे होतो, पण झोनची नावं पहिल्या दिवसापासून नीट दिली असतील तरच. 'झोन १७' असं अनुक्रमाने नाव दिलं तर एक खोली वाढताच पुढची सगळी नावं सरकतात आणि आधीच्या निकालाशी तुलना करता येत नाही. मजला, फ्लॅट आणि खोलीचा प्रकार यांवरून नाव बनवा. एका फ्लॅटमध्ये दोन बेडरूम असतील तर दिशा जोडा, उदाहरणार्थ 'म३-फ२-बेड-नैऋत्य'. दोन आवृत्त्यांच्या मधल्या फाइली शेजारी ठेवून त्यांतला फरक छापणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहा: कोणती खोली किती चौरस मीटरने बदलली, कोणती खिडकी गेली, कोणती आली. हा कागद आर्किटेक्टला निकालाच्या आधी पाठवा. भिंत सहा इंच सरकवल्याचं ते सांगतात, पण त्याच फेरीत पश्चिमेची 'डब्ल्यू १' जाऊन 'डब्ल्यू २' आली, हे सांगायचं पुष्कळदा राहून जातं.